कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती माणूस

श्रद्धा म्हटलं की चर्च, उपासना, मिस्सा हेच आधी डोळ्यांपुढे येतं. आठवड्यातले बाकीचे दिवस मात्र कारखान्यात, बँकेत, शाळेत, वॉर्डात जातात. तिथे कसं वागावं याबद्दल आपल्या मंडळ्यांत फार थोडं बोललं जातं, आणि निघालाच विषय तर ‘साक्ष द्या’ एवढ्यावर संपतो. मला वाटतं, तोंडाने साक्ष द्यायची वेळ बरीच उशिरा येते. त्याआधी लोकांनी आपलं काम पाहिलेलं असतं.

शास्त्रातली कामकरी माणसं

येशू सुतार होता. पौल तंबू करायचा. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तो धंदा एकच म्हणून. कलस्सैकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात तोच पौल सांगतो की साहेबाची नजर असो वा नसो, काम प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा. हे वचन आपल्याकडे फार वापरतात, आणि कमी पगारात जास्त राबवून घेण्यासाठीही वापरतात. ते मुळात गुलामांना उद्देशून आहे, आणि पुढच्याच अध्यायाच्या आरंभी मालकांना तंबी आहे की न्यायाने वागा, तुमच्यावरही धनी आहे. दोन्ही एकत्रच वाचायला हवं.

प्रभूसाठी म्हणून केलेल्या कामाचं महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचं. मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आश्रमातल्याच बायका होत्या, त्यांत विधवा आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये आलं. एकेक खिळा उचलून ओळ भरायची, पान छापून झालं की तेच खिळे सोडवून परत खणांत टाकायचे. त्या बायकांची भक्ती त्या कामात होती.

वरकमाई

लूककृत शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? नोकरी सोडा, असं तो म्हणत नाही. ठरल्याहून जास्त घेऊ नका, म्हणतो. शिपायांना सांगतो, दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात भागवा.

आज ही वरकमाई ‘चहापाणी’ आणि ‘टक्केवारी’ या नावांनी येते. शिवाय प्रवासभत्त्याचं फुगवलेलं बिल, मित्राची खोटी हजेरी, माल न तपासता मारलेला ‘ओके’चा शिक्का. बिलं पास करणाऱ्या टेबलावरच्या माणसाने हिस्सा नाकारला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांची अडचण होते, आणि बदलीचा कागद त्याच्याच नावे निघतो. म्हणून नुसतं ‘प्रामाणिक राहा’ सांगून भागत नाही. तोंडी हुकूम लेखी मागावा, फाइलवर आपला शेरा स्पष्ट लिहावा, जमल्यास ते टेबल बदलून घ्यावं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि दबावाखाली द्यावी लागली तर 7 दिवसांत कळवावं लागतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे. अशा माणसाची बदली झाली, तर मुलांच्या शाळेची, घरभाड्याची चौकशी मंडळीने करायला नको का?

खंडेनवमी आणि प्रसाद

मराठी ख्रिस्ती कामगाराला सगळ्यात जास्त भेडसावणारा प्रश्न कामाच्या ठिकाणच्या पूजेचा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, म्हणून एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आदल्या दिवशी लेथ थांबवतात. बुर काढायचा, कूलंटची टाकी रिकामी करायची, कॉटन वेस्टने सगळं पुसून तेल द्यायचं. मग झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. ख्रिस्ती टर्नरने कुठे उभं राहावं?

साफसफाईत सर्वांच्या पुढे, असं माझं उत्तर. मशीन त्याचंच आहे. नाश्त्याची वर्गणीही आनंदाने द्यावी. ओवाळायची वेळ आली की ‘दादा, तुम्ही करा, मी इथेच आहे,’ एवढं म्हणून बाजूला व्हावं. बरेचसे सहकारी हे समजून घेतात.

प्रसादाचं थोडं अवघड आहे. करिंथच्या बाजारात मूर्तीपुढे वाहिलेलं मांस विकलं जाई, आणि ख्रिस्ती लोकांत त्यावरून वाद होते. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या 8व्या आणि 10व्या अध्यायांत पौल म्हणतो की मूर्ती काहीच नाही, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, किंवा दुसऱ्या भावाच्या विवेकाला ठेच लागत असेल, तर खाऊ नका. आजही अनेक कॅथलिक घरांत पेढा सहज घेतात, काही प्रोटेस्टंट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या ठाम नाही म्हणतात. दोघांकडेही विचार आहे. चूक तिथे होते, जिथे पेढा हसत घेऊन मागे कचऱ्यात टाकतात. घ्यायचा नसेल तर हात जोडून तसं सांगावं. आणि नाताळात आपल्या करंज्या त्याच टेबलावर ठेवल्यावर कोणी नको म्हटलं, तर तेही तितक्याच मोकळेपणाने ऐकावं.

किती बोलावं

घटनेच्या 25व्या कलमाने धर्म आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. साहेब हाताखालच्याला चर्चला बोलावतो तेव्हा त्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं. म्हणून अधिकारी असाल तर अधिक जपून. रुग्णाचंही तसंच. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं. शस्त्रक्रियेआधी ते प्रार्थना करत. लोक मात्र तिथे बरं व्हायला येत. आजच्या नर्सने रात्रपाळीत घाबरलेल्या पेशंटला आधी विचारावं, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ नको म्हटलं, तर उशी नीट करून हात धरून बसावं.

रविवारची ड्युटी

नाताळ आणि उत्तम शुक्रवारची सुट्टी मिळते. राखेच्या बुधवारची नाही. कॅथलिकांना शनिवारची संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. इतरांनी शिफ्ट बदलून घ्यावी, आणि त्या बदल्यात गणपती-दिवाळीच्या पाळ्या आपणहून कराव्यात.

आपल्या हाताखालची माणसं

लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायानुसार मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवायची नाही. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच ओरडते. ख्रिस्ती ठेकेदार, ख्रिस्ती शाळेचे विश्वस्त, घरी धुणंभांड्याला बाई ठेवणारी कुटुंबं, सगळ्यांना हे लागू आहे. पगार ठरल्या तारखेला द्यावा. आजारपणातल्या खाड्याचे पैसे कापू नयेत. आणि आपण नाताळला गावी गेलो म्हणून कामाच्या बाईचे ते दिवसही कापू नयेत.