बेकारी घटली, मग काम गेले कुठे?

पुढील दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत आपल्या देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. आणि सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार देशातील बेकारी त्याच काळात कमी झाली! जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षात ती ५.८ टक्के होती. पुढच्या वर्षी ४.८ झाली आणि त्यापुढच्या वर्षी ४.२. कारखाने बंद, दुकानांना कुलपे, रस्ते ओस. आणि बेकार मात्र कमी! कुणालाही वाटेल, छपाईची चूक असावी. पण चूक नाही. हे कोडे उलगडले, की आपला देश संकटात कसा तगतो, हेच समजते.

एखाद्या घरात अचानक पीठ निम्म्यावर आले, तर काय करता येईल? एक म्हणजे, निम्म्या माणसांना जेवायला वाढायचे आणि बाकीच्यांनी शेजाऱ्याकडून शिधा आणायचा. दुसरे म्हणजे, प्रत्येकाने अर्धी भाकरी खायची. आणि तिसरे म्हणजे, काही जणांनी गावाकडच्या भावाच्या पंगतीला जाऊन बसायचे. देशांचेही असेच असते.

अमेरिकेने पहिला मार्ग धरला. तेथे फेब्रुवारी २०२० मध्ये ३.५ टक्के असलेली बेकारी एप्रिलमध्ये १४.७ टक्क्यांवर गेली. मालकांनी माणसे कमी केली आणि सरकारने त्यांना बेकारभत्ता वाढवून दिला. जर्मनीचा मार्ग दुसरा. २००९ मध्ये तिचे उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले, तरी बेकारी फारशी वाढली नाही. कामगारांना घरी न पाठवता त्यांचे तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा मोठा वाटा सरकारी विम्यातून दिला. त्या वर्षी एका टप्प्यावर सुमारे १५ लाख कामगार अशा अर्ध्या भाकरीवर होते. पण नोकरी शाबूत होती.

आपण तिसऱ्या मार्गाने गेलो. खरे तर गेलो म्हणण्यापेक्षा ढकलले गेलो. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री लागू झाली. आपल्याकडे बहुसंख्य कामगारांच्या हाती ना नेमणुकीचे पत्र, ना भत्ता. शहरात राहून भाडे कशाचे द्यायचे? माणसे चालू लागली. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते ते. १ मेपासून सुटलेल्या श्रमिक गाड्यांनी ६० लाखांहून अधिक लोक गावी पोहोचवले. पायी, ट्रकने गेलेले निराळेच.

गावी गेल्यावर कोण हातावर हात ठेवून बसतो? आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला उत्तर प्रदेशातल्या आपल्या घरी जाऊन भावाच्या शेतात राबला. परतल्यावर तो मला सांगत होता, की दोन माणसांचे काम तिथे पाच जण करत होते. पीक तेवढेच, वाटेकरी जास्त. मजुरीचा प्रश्नच नव्हता. घरच्या शेतात मजुरी कोण देणार? आता पाहणीवाला दारात आला, तर त्याची नोंद काय होणार? ‘रोजगार आहे.’ कारण घरच्या शेतात वा दुकानात बिनपगारी मदत करणाराही या पाहणीत रोजगारातच धरला जातो.

कोड्याची किल्ली इथे आहे. शहरांतल्या आठवड्यापुरत्या मोजणीत धक्का स्पष्ट दिसला होता. बेकारी ९ टक्क्यांवरून २१ च्या घरात गेली होती. पण वर्षभराच्या हिशेबात तो शेतीने पोटात घेतला. एकूण कामकऱ्यांमध्ये शेतीतल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ झाला. बिनपगारी घरच्या मदतनिसांचा वाटा १३.३ वरून १७.३ टक्क्यांवर गेला. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. बायकांचा कामातला सहभाग वाढला म्हणून आनंद मानण्याआधी तिच्या हातात दमडी आली का, हे विचारायला हवे.

रोजगार हमीनेही मोठा आधार दिला. २०२०-२१ मध्ये साडेसात कोटी कुटुंबांनी या योजनेवर काम केले. तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रातले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या लाखो माणसांना दुष्काळी कामांनी जगवले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने त्याच काळात रोजगार हमी आकाराला आली आणि पुढे तिचा कायदा झाला. १९७५ पासून आपल्या पगारातून कापला जाऊ लागलेला व्यवसाय कर मुख्यतः या योजनेसाठी होता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार थोडा उचलावा, असा तो सरळ व्यवहार होता. २००५ मध्ये देशाने तीच कल्पना कायद्याने स्वीकारली आणि पंधरा वर्षांनी ती कामी आली.

संकट टळले. देशाचे उत्पन्न सावरले, गाड्या पुन्हा भरून मुंबईत आल्या. पण पंगतीला गेलेले सगळे परतले नाहीत. २०२३-२४ मध्येही शेतीचा वाटा ४६.१ टक्के होता. माणसे शेतीतून कारखान्याकडे जावीत, अशी दिशा आपण वर्षानुवर्षे धरली होती. एका धक्क्याने ती उलटी फिरली.

एक मात्र खरे, की गावाने माणसाला नाही म्हटले नाही. पण ते घर आधीच तुटपुंज्या भाकरीवर चालते आणि दर पिढीला जमिनीचे तुकडे होतात. दर वेळी त्याच्याच भरवशावर किती काळ राहायचे? म्हणून ‘बेकारी घटली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा लगेच सुस्कारा टाकू नका. काम मिळाले ते कसले आणि त्याचे हातात काय पडले, एवढे जरूर विचारा.