ॲडव्हान्स डेटाबेस आणि बीआय : कॉलेजात काय शिकवतात आणि धंद्याला त्यातलं काय लागतं?



"सर, एमसीएला ॲडव्हान्स डेटाबेस आणि बिझनेस इंटेलिजन्स हे विषय आहेत. मला पुढे धंदाच करायचाय, मग हे शिकून उपयोग काय?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. आणि घरचं दुकान सांभाळणारे बरोबर उलटा प्रश्न विचारतात, "बीआय शिकलो तर धंदा वाढेल का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर देण्याआधी या विषयात नक्की असतं काय ते बघू. त्याचे सरळ दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे झालेला व्यवहार बरोबर लिहून ठेवणं. दुसरा म्हणजे त्या लिखाणाला प्रश्न विचारणं. विद्यापीठात हे याच क्रमाने शिकवतात. धंद्यात मात्र बरेच जण थेट दुसऱ्या भागावर उडी मारतात. रंगीत चार्ट, डॅशबोर्ड सगळं तयार होतं, पण खालची नोंदच चुकीची असते. मग चुकीचा आकडा नुसता देखणा दिसतो, आणि त्यावर विसंबून माल भरला की पैसा अडकतो.

एक हार्डवेअरचं दुकान डोळ्यासमोर ठेवा. पाइप, एल्बो, नळ, रंग, खिळे. वस्तू हजारो, उधारीवाले प्लंबर आणि ठेकेदार. या दुकानातून आपण पूर्ण अभ्यासक्रम फिरून येऊ.

पाया : एक माहिती एकाच जागी

१९७० मध्ये आयबीएममधले एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध लिहिला. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची आणि तक्ते एकमेकांशी नात्याने जोडायचे, ही त्यातली कल्पना. पुढे १९७४ च्या सुमारास आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल. या विषयाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाचे, 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स'चे, एक सहलेखक एस. सुदर्शन हे आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आहेत.

पहिल्या वर्षी 'नॉर्मलायझेशन' शिकवतात तेव्हा मुलं कंटाळतात. दुकानात बघा म्हणजे कळेल. एकाच ठेकेदाराचा नंबर उधारीच्या वहीत एक, बिलबुकात दुसरा आणि तुमच्या मोबाइलमध्ये तिसरा. वसुलीला कुठला लावायचा? ठेकेदाराची माहिती एका तक्त्यात एकदाच लिहायची, त्याला एक क्रमांक द्यायचा आणि बिलात फक्त तो क्रमांक टाकायचा. झालं नॉर्मलायझेशन!

ॲडव्हान्स भाग : लाइट गेली तरी हिशेब जुळला पाहिजे

इथून 'ॲडव्हान्स डेटाबेस प्रोग्रॅमिंग' सुरू होतं. कॉलेजात ते बहुधा ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलवर किंवा पोस्टग्रेएसक्यूएलवर शिकवतात. त्यातल्या तीन गोष्टी धंद्याच्या आहेत.

१. ट्रान्झॅक्शन. उधारीवर एक बिल झालं की तीन कामं होतात : बिल नोंदवलं जातं, स्टॉक कमी होतो, गिऱ्हाइकाची उधारी वाढते. बिल नोंदवलं, स्टॉक कमी झाला आणि तेवढ्यात लाइट गेली तर? माल गेला, पण उधारी चढलीच नाही. म्हणून ही तिन्ही कामं एका गाठोड्यात बांधतात. तिन्ही पूर्ण झाली तरच 'कमिट', नाहीतर 'रोलबॅक', म्हणजे काहीच झालं नाही असं धरून मागे यायचं. दोन काउंटरवरून शेवटचा एकच डबा एकाच वेळी विकला जाऊ नये, यासाठीचं लॉकिंगही याच धड्यात येतं.

२. ट्रिगर. एखादी नोंद बदलली की आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. समजा, कोणी नळाचा भाव ४५० चा ४०० केला. ट्रिगर दुसऱ्या तक्त्यात लिहून ठेवतो : जुना भाव, नवा भाव, कोणाच्या लॉगिनने, किती वाजता. दुकानात चार माणसं कामाला असतील तर याची किंमत वेगळी सांगायला नको. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा 'ऑडिट ट्रेल' बंधनकारक आहे. प्रोप्रायटरशिपला तो नियम लागू नाही, पण सवय चांगली आहे. पुढे प्रायव्हेट लिमिटेड केलंत तर लागणारच.

३. इंडेक्स. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसंच. सूची नसेल तर एक नाव शोधायला सगळी पानं उलटावी लागतात. बिलं लाखांत गेली आणि सॉफ्टवेअर गोगलगाय झालं, तर नवा कॉम्प्युटर घेण्याआधी इंडेक्स बघायला सांगा.

याशिवाय स्टोअर्ड प्रोसिजर, कर्सर, व्ह्यू असं बरंच असतं. ते स्वतः सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला लागतं. दुकानदाराला वरचे तीन शब्द कळले, तरी सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला नेमके प्रश्न विचारता येतात.

आता बीआय : नोंदीला प्रश्न विचारणं

हा शब्द नवा वाटतो, पण आयबीएमच्याच हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या नावाने लेख लिहिला होता. पुढे डेटा वेअरहाउस हा विषय बिल इनमन आणि राल्फ किम्बॉल या दोघांच्या पुस्तकांमुळे रुजला. अभ्यासक्रमात आजही या दोघांच्या पद्धतींची तुलना विचारतात.

बिलिंगचा डेटाबेस एकेक व्यवहार पटकन लिहिण्यासाठी असतो. तीन वर्षांची बिलं एकत्र चाळायला तो बनवलेला नसतो. म्हणून प्रश्न विचारण्यासाठी वेगळी मांडणी करतात, तिला 'स्टार स्कीमा' म्हणतात. मधे एक मोठा तक्ता, त्यात बिलातली एकेक ओळ : किती नग, किती रुपये, खरेदी किती. भोवती छोटे तक्ते : तारीख, वस्तू, गिऱ्हाईक, सप्लायर. मग "पावसाळ्यात कोणत्या सप्लायरचा माल कोणत्या भागातल्या प्लंबरांनी जास्त नेला?" हा प्रश्न सहज विचारता येतो.

पण खरा घाम निघतो तो त्याआधी, माल उचलून, साफ करून भरण्यात. याला 'ईटीएल' म्हणतात. अर्धा इंची एल्बो एका बिलात 'एल्बो हाफ', दुसऱ्यात 'पीव्हीसी एल्बो १/२', तिसऱ्यात नुसतं 'बेंड'. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. मग रिपोर्ट सांगतो, एल्बो फारसा खपत नाही! कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा साफ केलेला डेटा हातात देतात, त्यामुळे ही मेहनत मुलांना नोकरी-धंद्यात आल्यावर कळते.

दुसरा सापळा खरेदीच्या भावाचा. समजा, जानेवारीत पाइप २०० ला घेतला, २३० ला विकला. नफा ३०. जूनमध्ये खरेदी २२५ झाली. सॉफ्टवेअर फक्त आजचा खरेदीभाव ठेवत असेल, तर जानेवारीचा नफा ते ५ रुपये दाखवेल. त्यामुळे विकतानाचा खरेदीभाव बिलाच्या ओळीसोबतच साठवला पाहिजे. वस्तूचा गट बदलला, गिऱ्हाइकाचा भाग बदलला, तर जुनी माहिती कशी जपायची, यावर अभ्यासक्रमात एक पूर्ण मुद्दा आहे, 'स्लोली चेंजिंग डायमेन्शन'. परीक्षेसाठी पाठ करू नका, हे उदाहरण लक्षात ठेवा.

एक हिशेब, जो सगळ्यांनी करावा

समजवण्यापुरते आकडे घेऊ. शोभेचे महाग नळ : दुकानात सरासरी ४०,००० रुपयांचा माल पडून असतो, वर्षात तेवढाच खपतो, खरेदीवर ३० टक्के सुटतात. नफा १२,०००. साधे फिटिंग : सरासरी माल १०,००० चा, पण वर्षात बारा वेळा फिरतो, म्हणजे १,२०,००० चा खपतो. खरेदीवर फक्त ८ टक्के सुटतात. नफा ९,६००.

गल्ल्यावरून बघितलं तर नळ भारी. आता गुंतलेल्या रुपयाला किती मिळाले ते बघा. नळ : १२,००० भागिले ४०,०००, म्हणजे रुपयाला ३० पैसे. फिटिंग : ९,६०० भागिले १०,०००, म्हणजे रुपयाला ९६ पैसे. त्यात नळाचा माल १२ टक्के व्याजाच्या सीसीवर घेतला असेल, तर ४,८०० रुपये व्याजातच गेले. उरले ७,२००.

याचा अर्थ नळ ठेवूच नका असा नाही. शोरूममध्ये नळ दिसतात म्हणून बाथरूमचं पूर्ण काम मिळत असेल तर ठेवा. पण किती ठेवायचे हा निर्णय आता आकड्यावर होईल. 'मार्जिनचा आयटम आहे' म्हणून होणार नाही. बीबीएच्या पुस्तकात हे सूत्र मिळतं. प्रत्येक वस्तूसाठी, दर महिन्याला ते आपोआप काढून देणं हे डेटाबेसचं काम.

कशासोबत काय खपतं?

बीआयमधला मुलांचा आवडता धडा म्हणजे मार्केट बास्केट. यातली प्रसिद्ध 'अप्रायोरी' पद्धत १९९४ मध्ये राकेश अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी मांडली. पुन्हा उदाहरणादाखल आकडे : १,००० बिलं. पाइप २०० बिलांत, चिकटवायचं सोल्युशन १५० बिलांत, दोन्ही मिळून १२० बिलांत.

सपोर्ट : १,००० पैकी १२०, म्हणजे १२ टक्के. कॉन्फिडन्स : पाइपच्या २०० बिलांपैकी १२० मध्ये सोल्युशन, म्हणजे ६० टक्के. लिफ्ट : एरवी सोल्युशन १५ टक्के बिलांत असतं, पाइपसोबत ६० टक्के, म्हणजे चौपट. लिफ्ट १ च्या आसपास असेल तर संबंध नाही असं समजा.

उरलेली ८० बिलं बघा. पाइप नेला, सोल्युशन नाही. काहींच्या घरी असेल, काहींनी दुसरीकडून घेतलं असेल. काउंटरवरच्या मुलाने एवढंच विचारायचं, "दादा, सोल्युशन आहे का शिल्लक?" पूर्ण धड्याचं फळ हे एक वाक्य आहे.

मग डिग्री घ्यायची का?

एकच दुकान आहे आणि तेच चालवायचं आहे, तर फक्त यासाठी दोन वर्षं घालवायची गरज नाही. एक्सेलचं पिव्होट टेबल, मग थोडं एसक्यूएल, एवढ्यावर सुरुवात होते. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेएसक्यूएल मोफत आहेत. पॉवर बीआयचं डेस्कटॉप व्हर्जनही मोफत आहे. एनपीटीईएल आणि स्वयंवर डेटाबेसचे पूर्ण कोर्स फुकट बघता येतात, फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी पडते.

दुकानांना, दवाखान्यांना, डेअरीला सॉफ्टवेअर किंवा रिपोर्ट बनवून द्यायचा धंदा करायचा असेल, तर मात्र नीट शिका. दुसऱ्याचा हिशेब तुमच्या हातात असणार आहे. तिथे 'साधारण जमतं' चालत नाही. नियमित कॉलेज जमत नसेल, तर इग्नूच्या एमसीएमध्येही डेटाबेस आणि डेटा वेअरहाउसिंगचे विषय आहेत. प्रवेश घेताना विचारा : प्रॅक्टिकलचे तास किती? कच्चा, न साफ केलेला डेटा देतात का? प्रोजेक्ट खऱ्या धंद्यावर करता येतो का?

आणि आत्ता शिकत असाल, तर प्रोजेक्टला पुन्हा 'लायब्ररी मॅनेजमेंट' घेऊ नका. ओळखीच्या दुकानदाराची एक वर्षाची बिलं परवानगीने घ्या, गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर आधी काढून टाका, आणि त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्या : कोणत्या दहा वस्तूंनी माझा पैसा अडकवला आहे? उत्तर बरोबर निघालं तर तोच तुमचा पहिला गिऱ्हाईक.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या ५० वस्तूंची नावं एकसारखी करा. एक वस्तू, एक नाव, एक कोड.

२. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला तीन प्रश्न विचारा : भाव बदलल्याची नोंद राहते का? विकतानाचा खरेदीभाव साठवता का? माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये काढून मिळेल का? तिसऱ्याला 'नाही' उत्तर आलं, तर दुसरं सॉफ्टवेअर बघायला लागा.

३. उधारीची यादी ३०, ६०, ९० दिवस अशी वेगळी काढा. ९० च्या पुढची नावं पाहून उद्या सकाळी पहिला फोन कोणाला करायचा ते ठरवा.

पिव्होट टेबलने हीच उधारीची यादी पाच मिनिटांत कशी काढायची, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोपर्यंत ५० नावांचं काम उरकून ठेवा.