कोशातल्या धाग्याचे गुपित

मुलांनो, मूलहून गडचिरोलीला जाताना वाटेत सावली लागते. पुढे वैनगंगा ओलांडली की आलेच गडचिरोली. या जंगलपट्ट्यात ऐनाची झाडे खूप. ऐनाची पाने खाऊन टसरचा किडा वाढतो आणि स्वतःभोवती कोश विणतो. तोच आपला कोसा! इथल्या ढिवर समाजातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हे किडे झाडांवर वाढवतात. पाखरे आणि मुंग्या किडे फस्त करतात, म्हणून झाडाखाली बसून राखण करावी लागते. एवढे कष्ट एका धाग्यासाठी!

आता गंमत पाहा. किड्याच्या ग्रंथीत हे रेशीम पातळ, चिकट असते. बाहेर ओढले गेले की त्याचा चिवट धागा होतो आणि मग पावसातही तो विरघळत नाही. असे का होते?

रेशीम म्हणजे प्रथिन, अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ही माळ कधी स्प्रिंगसारखी वेटोळते. तिला 'आल्फा हेलिक्स' म्हणतात. कधी तिचे पदर शेजारी शेजारी बसतात. ती 'बीटा शीट'. बाकीची माळ विस्कटलेली. यांतल्या पहिल्या दोन घड्या लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी १९५१ साली मांडल्या.

तुम्ही म्हणाल, हे दिसते कसे? साध्या सूक्ष्मदर्शकातून नाहीच दिसत. त्यासाठी प्रकाशाची युक्ती आहे. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात नीट बसते का? प्रथिनांनाही असेच डावे-उजवे कळते. यंत्रातून डाव्या फिरकीचा आणि उजव्या फिरकीचा प्रकाश आळीपाळीने सोडतात. प्रथिन एक फिरकी थोडी जास्त शोषते, दुसरी कमी. या फरकाचा आलेख म्हणजे 'सर्क्युलर डायक्रॉइझम'.

हा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अतिनील. हेलिक्स असेल तर आलेखाला २०८ आणि २२२ नॅनोमीटरजवळ दोन खड्डे पडतात. शीट असेल तर २१७च्या आसपास एकच. विस्कटलेली माळ १९८जवळ खड्डा पाडते. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर!) साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून भांडे क्वार्ट्झचे लागते. हवेतला ऑक्सिजनही तो शोषतो, म्हणून यंत्रात नायट्रोजन फिरवतात.

खऱ्या प्रथिनात तिन्ही घड्यांची भेळ असते. चवीवरून आपण ओळखतो ना, चिंच किती, तिखट किती? तसेच रचना आधीच ठाऊक असलेल्या प्रथिनांच्या आलेखांशी तुलना करून संगणक प्रमाण काढतो. पण हा अंदाजच बरे का! हेलिक्सचा अंदाज चांगला येतो, शीटचा तितका नाही. आणि घडी किती ते कळते, माळेत नेमकी कुठे ते नाही.

आपल्या टसरचा भाऊबंद असलेल्या चिनी टसरच्या ग्रंथीतल्या रेशमात हेलिक्स बरीच सापडली. धागा मात्र क्ष-किरणांनी तपासला तर त्यात शीट! म्हणजे ओढ बसताच स्प्रिंगा उलगडतात आणि पदर घट्ट चिकटतात. धाग्याच्या चिवटपणाचे गुपित हेच.

याचा उपयोग? विरघळवलेल्या रेशमाचा पातळ पापुद्रा करून जखम झाकण्यावर संशोधन चालते. त्यात शीट पुरेशी झाली नाही, तर पापुद्रा ओल्या जखमेवरच विरघळेल. म्हणून आधी घडी तपासायची.

घरी आई अंडे उकडेल तेव्हा नीट पाहा. पातळ, पारदर्शक बलक-वेष्टन पांढरे घट्ट होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पातळ होत नाही. तिथेही प्रथिनांची घडीच बदललेली असते!