नसबंदी : पंधरा मिनिटं आणि तीन महिने

कुटुंबनियोजन समजून घेताना : लेखांक ५

स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत पोटाचा संबंधच येत नाही. ती सोपी आहे आणि तिच्यात धोकाही कमी. तरीसुद्धा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया झाल्याचं सांगितलं, तर नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी भरली अवघी ०.३ टक्के.

यामागे एक जुनी जखम आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली आणि त्यातल्या कितीतरी जणांवर ती लादली गेली. महाराष्ट्र विधानसभेनं तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायद्यात उतरलं नाही, एवढंच. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांच्या शिव्या खात पण त्यांना समजावून सांगत, तिथल्याच विधानसभेत हे घडलं. त्या सक्तीची भीती खरी होती. आज पुरुषांना मागे खेचते ती मात्र वेगळीच भीती, कमजोरीची.

ती निराधार आहे. पुरुषी हार्मोन वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत बंद होतात त्या फक्त शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नलिका. रक्तवाहिन्यांना हात लागत नाही. त्यामुळे दाढी-मिशा, ताकद, कामेच्छा सगळं होतं तसंच राहतं. वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींतून येतो, म्हणून वीर्यपतनातही फरक जाणवत नाही. नांगर धरणारा, हमाली करणारा माणूस बरा झाल्यावर पूर्वीइतकंच काम करू शकतो.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. आज सर्रास केली जाते ती बिनटाक्याची पद्धत १९७४ साली चीनमधले डॉ. ली शुनचियांग यांनी विकसित केली. आधी त्या भागाचे केस काढतात आणि अंडकोशाच्या त्वचेत भुलीचं इंजेक्शन देतात. सुई टोचताना चुरचुरतं. मग टोकदार चिमट्यानं त्वचेला बारीकसं छिद्र पाडून एकेक नलिका बाहेर घेतात, तिचा छोटा तुकडा कापतात आणि टोकं बांधतात. नलिका ओढली जाते तेव्हा ओटीपोटात कळ आल्यासारखं वाटतं, पण ते काही क्षणच. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, डॉक्टरांशी बोलतही असतो. दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपतं आणि थोडा वेळ थांबून त्याच दिवशी घरी जाता येतं.

घरी गेल्यावर पहिले दोन दिवस खरोखरची विश्रांती हवी. घट्ट लंगोट किंवा आधार देणारी अंतर्वस्त्रं घालावीत, कापडात गुंडाळलेला बर्फ अधूनमधून लावावा, दुखलंच तर पॅरासिटामॉल घ्यावं. ॲस्पिरिन टाळावं, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ चालते, फक्त जखम कोरडी राहायला हवी. दोन दिवसांनी हलकी कामं करता येतात. सायकल, मोटारसायकल, पोती उचलणं मात्र आठवडाभर नको. शरीरसंबंधही साधारण आठवड्यानंतर, दुखत नसेल तरच. कातडी काळी-निळी पडणं, जरा सूज येणं, हाताला लहानशी गाठ लागणं यांत घाबरण्यासारखं काही नाही. पण ताप आला, सूज वाढत चालली, पू किंवा रक्त येऊ लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शंभरातल्या एक-दोन पुरुषांना पुढे बराच काळ दुखत राहतं. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं आणि रुग्णानंही विचारायला हवं.

सगळ्यात मोठी चूक होते ती यानंतर. टाकीचा कॉक बंद केला तरी नळात पाणी उरतंच, तसे नलिकांच्या पुढच्या भागात शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध किंवा दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करायची. शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हाती आल्यावरच नसबंदी पूर्ण झाली असं समजायचं. दुखणं थांबलं की अनेक जण ही तपासणी टाळतात. मग बायकोला दिवस गेले की घरात संशयाचं वादळ उठतं आणि ते झेलावं लागतं तिला. एका साध्या तपासणीनं हा अन्याय टळतो. अहवाल चांगला आल्यानंतरही नलिका आपोआप पुन्हा जुळण्याची शक्यता उरते, पण ती सुमारे दोन हजारांत एक.

नसबंदीसाठी बायकोची संमती कायद्यानं लागत नाही, तरी निर्णय दोघांनी बोलून घ्यावा. नलिका पुन्हा जोडता येतात, पण ती शस्त्रक्रिया अवघड असते, मूल होईलच याची हमी नसते आणि जितकी वर्षं लोटतील तितकी आशा कमी होत जाते. आणखी मूल हवं की नको याबद्दल मन डळमळीत असेल, तर नसबंदी लांबणीवर टाकलेलीच बरी. अशा जोडप्यांसाठी तांबीसारखी साधनं आहेत. त्यांची माहिती पुढच्या लेखांकात.