श्रद्धा आणि भांडवलशाही : अलाबामाचा कौल

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा या राज्यात ९ सप्टेंबर २००३ रोजी करसुधारणेच्या प्रश्नावर सार्वमत झाले. एका घटकराज्यातील करआकारणीची बाब परदेशातील वाचकाने लक्षात ठेवावी, असे एरव्ही काही कारण नसते. परंतु या सार्वमताची हकीकत वेगळी होती. राज्यपाल बॉब रायली हे रिपब्लिकन पक्षाचे, बॅप्टिस्ट पंथाचे आणि काँग्रेसमध्ये असताना करवाढीला सातत्याने विरोध करणारे गृहस्थ. त्यांनीच सुमारे १२० कोटी डॉलरची करवाढ मतदारांपुढे ठेवली आणि तिचे समर्थन करताना अंदाजपत्रकातील तुटीबरोबरच ख्रिस्ती नीतीचा आधार घेतला. गोरगरिबांची काळजी वाहणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य असेल, तर त्यांच्याच माथ्यावर सर्वांत जड भार टाकणारी करव्यवस्था त्याने चालू ठेवणे योग्य नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पवित्र शास्त्राला प्रमाण मानणाऱ्या त्या राज्याने सुमारे दोन तृतीयांश मतांनी ही योजना फेटाळून लावली.

त्या वेळची करव्यवस्था कशी होती, हे पाहिल्यावाचून या निकालाचा अर्थ लागणार नाही. चार माणसांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४,६०० डॉलर झाले की तेथे आयकर सुरू होत असे. ही मर्यादा साऱ्या देशात सर्वांत खालची होती. अन्नधान्यावरही विक्रीकर होताच. उलट, राज्यातील सुमारे ७१ टक्के जमीन इमारती लाकडाच्या जंगलांखाली असून मालमत्ता कराच्या उत्पन्नातील तिचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता. परिणामी वर्षाला १३ हजार डॉलरपेक्षा कमी मिळवणारे लोक आपल्या उत्पन्नाचा १०.९ टक्के भाग राज्य व स्थानिक करांत देत, तर २ लाख २९ हजार डॉलरहून अधिक मिळवणारे अवघा ४.१ टक्के देत. पाठ्यपुस्तकात प्रतिगामी करपद्धतीचे उदाहरण म्हणून छापावे, असेच हे आकडे आहेत. कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेण्यासाठी रचलेल्या १९०१ च्या राज्यघटनेतच या व्यवस्थेची मुळे होती.

हा अन्याय धर्माच्या भाषेत मांडण्याचे श्रेय सुझन पेस हॅमिल या करकायद्याच्या प्राध्यापिकेकडे जाते. अलाबामा विद्यापीठातून रजा घेऊन त्यांनी बर्मिंगहॅम येथील बीसन या सुवार्तावादी धर्मशिक्षणसंस्थेत अध्ययन केले आणि २००२ साली राज्याच्या करपद्धतीची बायबलमधील नीतितत्त्वांच्या आधारे चिकित्सा करणारा प्रबंध लिहिला. रायली यांच्या प्रचारामागे हा विचार होता. काही चर्चप्रमुखांनी त्यांना साथ दिली. परंतु राज्यातील ‘ख्रिश्चन कोअॅलिशन’ ही धर्मनिष्ठ मतदारांची संघटना विरोधात उभी राहिली आणि तिच्याच बाजूला मोठ्या जमीनमालकांचे हितसंबंधही होते.

निकालाचे सर्व श्रेय वा दोष धर्मश्रद्धेला देणे अन्यायाचे होईल. राज्याच्या राजधानीतील कारभारावर लोकांचा विश्वास नव्हता. योजना गुंतागुंतीची होती. ज्यांचा करभार हलका होणार होता, अशांपैकीही अनेकांनी विरोधात मत दिले. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या ग्रंथात दरिद्री, विधवा, अनाथ आणि परका यांच्याविषयीच्या आज्ञा पानोपानी आढळतात, त्या ग्रंथाला अक्षरशः मानणाऱ्या समाजात करकपात आणि अनिर्बंध बाजारपेठ यांना जवळजवळ धर्मतत्त्वाचे स्थान कसे प्राप्त झाले?

आमच्या वर्गात या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर मिळते आणि ते म्हणजे मॅक्स वेबर. १९०४-०५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत वेबर यांनी प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांचा संबंध दाखवला, हे पदवीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. पण वेबर यांचे विवेचन मुख्यतः कॅल्व्हिनच्या परंपरेतील लोकांविषयी होते. आपले तारण आधीच ठरले आहे की नाही या चिंतेने व्याकुळ झालेला माणूस शिस्तीने काम करतो, चैन करीत नाही, म्हणून त्याच्याकडे भांडवल साचते, एवढे त्यांचे सूत्र. शासनाने कर किती घ्यावा, कामगार संघटना असाव्यात की नसाव्यात, याविषयी त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. शिवाय पूर्ण वाढलेल्या भांडवलशाहीला या धार्मिक टेकूची गरज उरत नाही, असे वेबर यांनीच बजावून ठेवले आहे. तेव्हा अलाबामाचे कोडे उलगडण्यासाठी वेबर यांच्याही पुढे जावे लागते.

ज्यांना इव्हँजेलिकल म्हणतात त्या सुवार्तावादी पंथीयांची ओळख मराठी वाचकाला मिशनऱ्यांच्या रूपाने फार पूर्वी झाली आहे. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशन हे याच प्रेरणेचे फळ. पवित्र शास्त्राचे प्रामाण्य, क्रूसावरील बलिदानाने होणारे तारण, प्रत्येक व्यक्तीचे अंतःकरणापासून होणारे परिवर्तन आणि ही सुवार्ता इतरांपर्यंत पोचवण्याची तळमळ, ही या श्रद्धेची मुख्य अंगे होत. त्यांत भांडवलशाहीचा पुरस्कार कोठेही अनुस्यूत नाही. या परंपरेच्या आद्य प्रवर्तकांपैकी जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात प्रामाणिकपणे शक्य तितके मिळवावे, शक्य तितके वाचवावे आणि शक्य तितके देऊन टाकावे, असा उपदेश केला. धर्मामुळे उद्योग आणि काटकसर वाढते, त्यांमुळे संपत्ती वाढते आणि संपत्ती वाढली की धर्म ओसरतो, या चक्राची त्यांना अखेरपर्यंत धास्ती होती. पुढे त्यांच्या उपदेशातील पहिली दोन कलमे टिकली आणि तिसरे मागे पडले, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चित्र वेगळेच होते. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या आणि तेथील लोकस्थितीवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत ग्रंथ लिहिला. तेथे ज्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जडला, त्या मेथडिस्ट पंथाच्या, मद्यपानविरोधी चळवळीच्या अग्रणी. श्रद्धेने पूर्णपणे सुवार्तावादी असलेल्या या बाईंनी उत्तरायुष्यात ख्रिस्ती समाजवादाचा पुरस्कार केला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. भाव कोसळत असताना सुवर्णपरिमाणामुळे कर्जबाजारी शेतकरी भरडला जात होता. १८९६ मध्ये ब्रायन यांनी सोन्याच्या क्रूसाची प्रतिमा वापरून धनकोंच्या या व्यवस्थेवर हल्ला चढवला आणि त्या बळावर अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवली. हेच ब्रायन १९२५ साली टेनेसीतील खटल्यात उत्क्रांतिवादाच्या विरोधात बायबलची बाजू मांडण्यास उभे राहिले. शास्त्राबाबत कर्मठ आणि अर्थकारणात सावकारशाहीचा शत्रू, ही जोडी त्या काळी कोणाला विसंगत वाटत नव्हती.

पालट घडला तो १९३० नंतर. महामंदीतून मार्ग काढण्यासाठी रूझवेल्ट यांनी शासनाचे अधिकार वाढवले, कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण दिले, सामाजिक विमा सुरू केला. उद्योगपतींची प्रतिष्ठा मंदीने धुळीस मिळवली होती. त्यांनी स्वतः बोलून उपयोग नव्हता; धर्मोपदेशकाचा शब्द मात्र लोक ऐकत. लॉस एंजेलिसचे पाद्री जेम्स फिफील्ड यांनी १९३५ मध्ये उभारलेल्या ‘स्पिरिच्युअल मोबिलायझेशन’ या संघटनेला बड्या उद्योगपतींनी उदार हस्ते साहाय्य केले, ते याच हेतूने. आश्चर्य असे की फिफील्ड हे धर्मविचारात उदारमतवादी होते, बायबल अक्षरशः मानणारे नव्हते. म्हणजे या युतीचा पाया घातला गेला तो शास्त्राच्या अर्थावर नव्हे, शासनविरोधावर. सन ऑइल कंपनीचे जे. हॉवर्ड प्यू यांनी फिफील्ड यांना मदत केली आणि १९५६ मध्ये सुरू झालेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या सुवार्तावादी नियतकालिकालाही तेच मोठे आश्रयदाते लाभले.

शीतयुद्धाने उरलेले काम केले. शत्रू निरीश्वरवादी आणि भांडवलशाहीविरोधी होता. तेव्हा आस्तिकता आणि भांडवलशाही या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरल्या. १९५४ मध्ये राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख आला आणि १९५६ मध्ये ईश्वरावरील विश्वास हेच राष्ट्राचे बोधवाक्य झाले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकात मुक्त उद्योगपद्धतीची रूपरेषा बायबलातील नीतिसूत्रांत स्पष्टपणे सापडते, असे प्रतिपादन केले. चाळीस-पन्नास वर्षांत झालेली एक राजकीय युती अशा रीतीने सनातन सत्य होऊन बसली.

ही युती अटळ नव्हती, याचा पुरावा श्रद्धावंतांच्याच गोटात आहे. रॉन सायडर यांनी १९७७ साली भुकेच्या युगातील श्रीमंत ख्रिस्ती माणसाला जाब विचारणारा ग्रंथ लिहिला. १९७४ च्या लोझान येथील जागतिक परिषदेत रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार या लॅटिन अमेरिकेतील सुवार्तावाद्यांनी सामाजिक न्यायाचा आग्रह धरला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय चर्चमंडळ्यांचा धर्मविचार गोऱ्या बॅप्टिस्टांच्या धर्मविचाराच्या पुष्कळच जवळचा आहे. पण त्यांचे आर्थिक धोरणाविषयीचे मत बहुधा नेमके उलट असते. ग्रंथ तोच, वाचणाऱ्याचा अनुभव वेगळा.

करवाढीच्या विरोधकांपाशी एक गंभीर युक्तिवाद आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, गरिबाला मदत करण्याची आज्ञा व्यक्तीला आहे, शासनाला नाही. दान स्वेच्छेने दिले तरच ते पुण्य. कर सक्तीने घेतला जातो, त्यात प्रेम कोठले? या मंडळींचे दातृत्व दिखाऊ नसते. उत्पन्नाचा दहावा हिस्सा नियमाने देणारी, वादळात घर गेलेल्या अनोळखी माणसासाठी धावून जाणारी कुटुंबे त्यांच्यात आहेत. ज्यांची साऱ्या परिवर्तनाची कल्पनाच व्यक्तीच्या हृदयापासून सुरू होते, त्यांना संस्था आणि कायदे दुय्यम वाटावेत, हेही समजण्यासारखे आहे.

परंतु अलाबामात प्रश्न दानाचा नव्हताच. वर्षाला पाच हजार डॉलर मिळवणाऱ्या कुटुंबाला काही द्यावे की नाही, हा मुद्दा नव्हता. त्याच्याकडून जे घेतले जात होते ते घ्यावे की नाही, हा होता. सहा दिवस कायद्याने घ्यायचे आणि सातव्या दिवशी प्रेमाने त्यातले थोडे परत करायचे, याला दातृत्व म्हणता येणार नाही. दुसरे असे की, ज्या ग्रंथाचा आधार घ्यायचा त्यातही सर्व काही ऐच्छिक नाही. शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी राखावे, अशी आज्ञा लेवीय या पुस्तकात आहे. पन्नासाव्या म्हणजे योबेलच्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, असेही तेथे सांगितले आहे. या गोष्टी जमीनमालकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. तो मालमत्तेच्या हक्कालाच घातलेला बांध आहे.

यापुढची हकीकतही बोधप्रद आहे. २००६ मध्ये अलाबामाने आयकराची ती लाजिरवाणी मर्यादा वाढवली. अन्नधान्यावरील राज्याचा चार टक्के विक्रीकर २०२३ मध्ये तीन टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये दोन टक्क्यांवर आणला गेला. धर्माची साक्ष काढून जे एका दिवसात साधले नाही, ते वीस वर्षांत थोडेथोडे घडले. मात्र हे सर्व गरिबाचा कर कमी करण्यापुरते झाले. ज्यांनी अधिक द्यावे असे रायली यांचे म्हणणे होते, त्यांच्या दाराशी हा प्रश्न पुन्हा तितक्या स्पष्टपणे नेला गेला नाही.

बाजारपेठ ही उपयुक्त यंत्रणा आहे, हे अर्थशास्त्राचा शिक्षक तरी नाकारणार नाही. पण यंत्रणा बिघडली तर दुरुस्त करायची असते. तिला देव्हाऱ्यात बसवले की दुरुस्तीची भाषा करणारा पाखंडी ठरतो. आणि तिच्यात हरलेला माणूस केवळ गरीब राहत नाही, तो दोषीही ठरतो. हे नुकसान अर्थव्यवस्थेचे झाले. श्रद्धेचे नुकसान त्याहून मोठे आहे. सत्तेला आणि संपत्तीला बाहेरून तपासणारी एक कसोटी धर्मापाशी असते, आणि त्या कसोटीच्या बळावरच ब्रायन यांच्यासारखा माणूस धनकोंपुढे उभा राहू शकला. तो कस लावण्याचा हक्क आपण कोणत्या मोबदल्यात सोडून दिला, याचा विचार अलाबामातील श्रद्धावंतांनाच करावा लागेल. तो बाहेरच्याने करून भागणार नाही.