कुंभारकामाचं पुस्तक घेताय? आधी माती आणि भट्टी बघा

आजचा प्रश्न साधा आहे: कुंभारकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कोणतं पुस्तक घ्यावं? तेही एकाचेच पैसे खिशात असताना.

मी सॉफ्टवेअरवाला. चाकावर माझा हात बसत नाही, पण मॅन्युअल वाचणं हे माझं रोजचं काम. कुठलंही मॅन्युअल कोणत्या व्हर्जनसाठी लिहिलंय ते आधी बघायचं असतं. कुंभारकामाच्या पुस्तकालाही व्हर्जन असतं बरं का: लिहिणाऱ्याची माती आणि त्याची भट्टी.

उदाहरण घ्या. या विषयातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे बर्नार्ड लीच यांचं 'अ पॉटर्स बुक', १९४० सालचं. लीच जपानमध्ये शिकले आणि १९२० मध्ये शोजी हमादांसोबत इंग्लंडात सेंट आइव्ह्जला त्यांनी पॉटरी काढली. पुस्तक थोर आहे, वादच नाही. पण त्यात मोठा भर स्टोनवेअरवर, म्हणजे भट्टी १२०० अंशांच्या वर. आपल्याकडे गोवऱ्या-लाकडं रचून पेटवलेला आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जातो. आणि समजा भट्टी मिळालीच, तरी आपली साधी लाल भाजणारी माती त्या तापमानाला फुगते, वाकते, शेवटी वितळते.

आता माती. आमचं उमरखेड पैनगंगेच्या खोऱ्यातलं, काळ्या जमिनीचं. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. वाळली की तितकीच आकसते. भांड्याचंही तेच होणार. वर त्यात चुनखडीचे बारीक खडे. ते भाजल्यावर कळीचा चुना होतो, हवेतली ओल पितो, फुगतो, आणि भट्टीतून धड निघालेल्या भांड्याचा टवका काही दिवसांनी आपोआप उडतो! म्हणून तर कुंभार माती निवडून आणतात, चाळतात, गाळतात, तिच्यात राख किंवा लीद मिसळतात.

माझी मावसबहीण उमरखेडलाच बी.एस्सी. करतेय आणि एका काकांकडे चाकावर बसते. तिने चार पुस्तकांचे स्क्रीनशॉट पाठवले. तिघांत पानोपानी चाकावर भांडं कसं ओढायचं याचे फोटो. मी म्हटलं, यावर पैसे घालू नकोस. हात काकांचा बघ, नाहीतर यूट्यूब आहेच. शिवाय त्या पुस्तकांत एका गोळ्याचं एक भांडं. काका मोठा गोळा चाकावर ठेवून एकामागून एक पणत्या दोऱ्याने कापून काढतात. माठ तर चाकावर अर्धाच होतो, मग आतून दगड आणि बाहेरून फळी धरून ठोकत वाढवतात. पुस्तक हवंय ते डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी: मातीत काय आहे आणि आगीत तिचं काय होतं.

त्यासाठी माझी निवड डॅनियल रोड्स यांचं 'क्ले अँड ग्लेझेस फॉर द पॉटर', १९५७ चं. बारावीचं रसायनशास्त्र आठवत असेल तर झेपतं. त्याच्या पुढचं मायकल कार्ड्यू यांचं 'पायोनियर पॉटरी', १९६९. कार्ड्यू लीच यांच्याच हाताखाली शिकले, नंतर घाना आणि नायजेरियात बरीच वर्षं राहिले. दुकानातून तयार माती येत नाही तिथे आसपासची माती आणि दगड तपासून काम कसं उभं करायचं, हे त्यात आहे. आपल्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळचं, पण जड. पहिलं म्हणून घेऊ नका.

पुस्तक येईपर्यंत एक चाचणी करा. मातीची पट्टी थापा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. रेघ ९ भरली तर माती १० टक्के आकसली. वेगवेगळ्या ठिकाणची माती, राख घालून, न घालता, सगळ्यांच्या पट्ट्या करा आणि वहीत लिहा.

वाचताना एक खाच लक्षात ठेवा. अमेरिकन पुस्तकांत बऱ्याचदा तापमान 'कोन'मध्ये देतात. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअस आणि कोन ६ म्हणजे १२२० च्या आसपास. पुढच्या एका शून्यात २०० अंशांचा फरक! (सी भाषेतही पुढचं शून्य असाच घात करतं, पण तिथे निदान भट्टी फुकट जात नाही.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या पुस्तकांत, यातल्यासुद्धा, शिशाच्या ग्लेझच्या कृती आहेत. रेड लेड, व्हाइट लेड, लिथार्ज हे शब्द दिसले की त्या कृतीवर पेनाने काट मारा. कमी तापमानाला सुंदर चकाकी येते म्हणून मोह होतो, पण ताक, चिंचेचं सार, लोणचं अशा आंबट पदार्थांत ते शिसं उतरतं आणि पोटात जातं. ही पूड हाताळणाऱ्यालाही तितकाच धोका. सेकंड हँड पुस्तक घेत असाल तर ही काट पहिल्या दिवशीच मारून ठेवा, आणि घरात लहान भावंडं असतील तर शिशाची पूड घरी आणूच नका.