महाशीर परतला, पण कोणत्या नदीत?

वाचकहो, बाजारात रोहू दिसतो म्हणून तोच आपल्या नदीचा मासा, असे वाटते. तो मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांचा खरा मानकरी महाशीर. त्याला खडशी, खुदरीही म्हणतात. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये छापले आणि शास्त्रीय नावात ‘खुदरी’ हाच इकडचा शब्द ठेवला.

तो कमी का झाला? पावसाळ्यात पाणी चढले, की महाशीर प्रवाहाच्या उलट वर जातो आणि स्वच्छ वाहत्या पाण्यात, गोट्यांवर अंडी घालतो. अंडी जड, तळाशी बसतात. रोहूसारखी लाखांनी नव्हेत, हजारांनीच. आता मध्ये धरण आले, की वाट बंद! (नाशिकच्या वरचे गंगापूर धरण १९६५ सालचे. आपल्या घरी नळाला पाणी येते ते त्याचेच, हेही खरे.) तळाची वाळू उपसली, की विणीची जागा गेली, गाळ नि सांडपाणी बसले, की अंडी गुदमरली. त्यातून कोणी डोहात सुरुंग उडवला, तर मोठ्यांबरोबर बोटभर पिल्लेही संपतात.

मग उपाय निघाला लोणावळ्यात. वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात महाशीराचे बीज तयार करायला घेतले. पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यांत नराचे रेत मिसळायचे आणि ती वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्ले फुटतात. लाखो बोटुकली येथून देशभर गेली. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत जो मासा ‘संकटग्रस्त’ होता, तो पुढे ‘कमी चिंतेचा’ ठरला.

पण शिक्षक मित्रहो, मुलांना एवढेच सांगून थांबू नका. हीच बोटुकली कावेरीतही सोडली गेली. तिथे नदीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर होता. बाहेरचा वाढला, घरचा हटत गेला; आज तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. मासा एका नदीत सावरला, तो दुसरीत उपरा झाला. माझ्या मते बीज सोडण्याआधी नदी कोणाची, हे विचारायला हवे.

बीज न सोडताही महाशीर टिकतो. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महाशीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही. काठावरून चुरमुरे टाकले, की ते झुंडीने वर येतात.